ट्यूब अ‍ॅम्प गप्प झालाय? नवीन ट्यूब मागवायच्या आधी हे करून बघा

ट्यूब अ‍ॅम्प (म्हणजे गिटारचा, काचेच्या व्हॉल्व्हवाला अ‍ॅम्प्लिफायर) घेतला की महिन्याभरात कोणीतरी सांगतंच, अरे हे लय नाजूक प्रकरण असतं, सारखं दुरुस्तीला न्यावं लागणार. मलाही सांगितलेलं. आणि झालंही तसंच, एका रविवारी प्रॅक्टिस चालू असताना माझा सेकंडहँड कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच खोक्यात) खर्र करून गप्प झाला, लाइट चालू, ट्यूब पेटलेल्या, आवाज शून्य. मी काही न बघता पॉवर ट्यूबची मॅच केलेली जोडी मागवली, आठ दिवस वाट बघितली, लावली, तरी गप्पच. शेवटी निघालं काय, तर मागच्या इफेक्ट्स लूपच्या (पेडल जोडायला सिग्नल बाहेर काढून परत आत घ्यायची सोय) जॅकमधली पत्र्याची बारीकशी पट्टी काळी पडलेली. एक पॅच कॉर्ड, म्हणजे पेडल जोडायची छोटी केबल, लावून बघितली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. म्हणून हे लिहितोय: पैसे काढायच्या आधी दोष अ‍ॅम्पच्या कुठल्या अर्ध्यात आहे ते कसं शोधायचं, बाहेरून किती करता येतं आणि कुठे हात मागे घ्यायचा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ट्यूब जेवढ्या बदनाम आहेत तेवढ्या जात नाहीत. जातात ते त्यांच्या आजूबाजूचे स्वस्तातले पार्ट, म्हणजे जॅक, सॉकेटचे कॉन्टॅक्ट, ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा), फिल्टर कंडेन्सर (वीज साठवून सपाट करणारा). आणि ट्यूब तर मुळात काढता-घालता यावी म्हणूनच सॉकेटमध्ये बसवतात. लिओ फेंडर अ‍ॅम्प बनवायच्या आधी कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्यामुळे त्याचा जुना अ‍ॅम्प उघडला की लगेच दिसतं, हे पुढेमागे कोणीतरी दुरुस्त करणार हे धरूनच बनवलेलं आहे, सगळे पार्ट एका बोर्डावर ऐसपैस मांडलेले. आजच्या पीसीबीवाल्यांमध्ये (छापील सर्किट बोर्ड) तेवढी जागा नसते पण सर्किट बरंचसं तेच.

आत काय असतं ते पटकन

उदाहरणाला फेंडर हॉट रॉड डिलक्स घेऊ, कारण तो बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. ४० वॉट, तीन छोट्या ट्यूब (१२एएक्स७) आणि दोन मोठ्या (६एल६). गिटारचा सिग्नल इनपुट जॅकमधून पहिल्या छोट्या ट्यूबमध्ये जातो, मग दुसरी, मग इफेक्ट्स लूप, मग तिसरी छोटी ट्यूब जी सिग्नलचे दोन उलटसुलट भाग करते (फेज इन्व्हर्टर), मग दोन मोठ्या पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर. इनपुट जॅकच्या जवळची ट्यूब ती पहिली, पॉवर ट्यूबच्या शेजारची छोटी ती फेज इन्व्हर्टर, एवढं लक्षात ठेवलं तरी बास.

दुकानातल्या भाषेचा एक घोळ आहे. 'ट्यूब' मागितली तर चार फुटी हातात देतील. जुन्या मेकॅनिक लोकांना 'व्हॉल्व्ह' म्हणा, 'ईसीसी८३' म्हणा (तीच १२एएक्स७, युरोपातलं नाव), लगेच चेहरा खुलतो. बंगलोरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी व्हॉल्व्ह बनवायची, कोणाच्या माळ्यावर जुना रेडिओ असेल तर आत बीईएलचा शिक्का असलेली एखादी बाटली अजून मिळू शकते. रेझिस्टरला रेझिस्टन्स आणि कपॅसिटरला कंडेन्सर म्हणतात, मीही तेच म्हणणारे.

आता भीती, आणि ती गंमत म्हणून नाही

आतल्या फिल्टर कंडेन्सरमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी साठलेला असतो आणि प्लग काढला तरी तो तिथेच बसलेला असू शकतो, कधी मिनिटभर, कधी बराच जास्त वेळ. घरातल्या २३० चा झटका खाऊन 'काही होत नाही' म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांचं इथे ऐकू नका. म्हणून मी काम दोन भागांत करतो. पहिला भाग चेसिस (सर्किट बसवलेली पत्र्याची पेटी) बंद ठेवून, मागचं पॅनल काढून ट्यूबपर्यंत हात पोचतो तेवढाच. दुसरा भाग चेसिस बाहेर काढून. दुसरा भाग ज्यांनी आयुष्यात कधी सोल्डरिंग आयर्न धरलं नाही त्यांनी फक्त वाचायचा, करायचा नाही. पहिल्या भागात बहुतेक प्रकरणं मिटतात.

अजून एक नियम, हा मोडला तर हजारोंचा फटका: स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड (म्हणजे स्पीकर) नसेल तर त्याच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या वाइंडिंगवर) इतका व्होल्टेज चढतो की आत ठिणगी पडून वाइंडिंग जळू शकतं, नाहीतर सॉकेटवर पिनांच्या मध्ये स्पार्क होतो. आणि हेड-कॅबिनेट वेगळं असेल तर मध्ये स्पीकर केबलच लावायची, गिटारची केबल नाही, दिसायला सारखी असली तरी आतली तार केसाएवढी असते. आठ ओहमचं कॅबिनेट आठच्याच जॅकमध्ये.

पायरी पहिली: भिंतीपासून सुरुवात

अ‍ॅम्प कुठल्या व्होल्टेजचा आहे ते मागच्या पट्टीवर वाचा. अमेरिकेतून भावाने, मावशीने आणलेला असेल तर १२० व्होल्टचा असणार, त्याला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा आणि तो पट्टीवर लिहिलेल्या वॉटच्या निदान दीडपट-दुप्पट क्षमतेचा. जुना अमेरिकन ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी काढलेला असेल तर आपल्या ५० वर थोडा जास्त तापतो, त्यामुळे तासन्‌तास वाजवत असाल तर मधून मधून हात लावून बघा.

पण स्टेपडाउनचा खरा घोळ वेगळाच आहे आणि तो फार कमी लोक बघतात. बाजारातल्या स्वस्त स्टेपडाउनमध्ये अर्थिंग पुढे नेलेलंच नसतं. अ‍ॅम्पचा प्लग तीन पिनी, भिंतीतलं सॉकेट तीन पिनी आणि मधल्या डब्यात अर्थची वायर कुठेच जोडलेली नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा, सगळं भिंतीतून काढलेलं असताना एक टोक अ‍ॅम्पच्या चेसिसच्या स्क्रूला आणि दुसरं स्टेपडाउनच्या प्लगच्या मोठ्या अर्थ पिनेला. बीप आला पाहिजे. नाही आला तर वायरमनकडून जोडून घ्या, तोपर्यंत अ‍ॅम्प चालू करू नका, कारण आत कधी काही सुटलं तर लाइव्ह थेट गिटारच्या तारांवर येतो आणि समोर माइक असेल तर ओठांतून जातो. हम (स्पीकरमधली घूंघूं) कमी होतो म्हणून अर्थची पिन काढून टाकणारे लोक अजून आहेत. कृपा करून त्यांच्यात जाऊ नका.

पायरी दुसरी: अजिबात काहीच लागत नाही

आधी दुसरी पॉवर कॉर्ड, दुसरं सॉकेट. मग फ्यूज. फ्यूजच्या काचेकडे नीट बघा, तो बरंच सांगतो. तार मधेच शांतपणे तुटलेली असेल तर फ्यूज म्हातारा होऊन गेला असण्याची शक्यता आहे, काच काळी किंवा चंदेरी झाली असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. बदलताना होल्डरशेजारी लिहिलेलाच आकडा घ्यायचा, आणि 'टी' लिहिलं असेल तर स्लो-ब्लो. इंटरनेटवर अमेरिकन माणसाने सांगितलेला आकडा चालणार नाही, १२० वर चालणाऱ्या अ‍ॅम्पला साधारण दुप्पट करंट लागतो त्यामुळे त्यांचा फ्यूजही आपल्या दुप्पट असतो. चांदीचा कागद गुंडाळणं, तांब्याची तार घालणं हे प्रकार मिक्सरला करा, इथे नको. (मिक्सरलाही करू नका.)

नवीन फ्यूजही उडाला तर तिसरा घालून बघायचा नाही. आता सिरीज लॅम्प काढायचा. प्रत्येक वायरमनकडे हा बोर्ड असतो, एक होल्डर, एक सॉकेट, आणि बल्ब लाइव्हच्या वायरमध्ये सिरीजला. स्वतःला येत नसेल तर त्याच्याकडून करून घ्या, जुन्या पद्धतीचा १०० वॉटचा फिलामेंटवाला बल्ब लागतो, एलईडी चालत नाही, आणि हल्ली तो शोधायलाच जास्त वेळ जातो. अ‍ॅम्प त्या सॉकेटमध्ये लावला आणि बल्ब एकदा भपकन पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण उजेडाने पेटूनच राहिला तर शॉर्ट आहे, पण फ्यूज वाचला, ट्रान्सफॉर्मर वाचला, तुम्ही वाचलात.

मग वेगळं काढायचं. बंद करा, थंड होऊ द्या, पॉवर ट्यूब काढा, परत सिरीज लॅम्पवर. आता बल्ब मंद झाला तर बहुतेक एखादी पॉवर ट्यूब आतून शॉर्ट आहे, एकेक घालून कुठली ते कळेल. तरीही भगभगीत पेटतोय तर डायोड, कंडेन्सर किंवा ट्रान्सफॉर्मर, म्हणजे चेसिसच्या आतलं काम. स्टँडबायचा स्विच (ट्यूब गरम ठेवून आवाज बंद ठेवणारा) असेल तर तोही साक्षीदार आहे: स्टँडबायवर ठीक आणि प्लेवर टाकताच फ्यूज उडतो, तर संशय पॉवर ट्यूब आणि फिल्टर कंडेन्सरवर.

पायरी तिसरी: पेटतोय पण आवाज नाही

माझं प्रकरण. क्रम असा ठेवा. गिटारचा व्हॉल्यूम (हसू नका), दुसरी केबल, सगळे पेडल बाजूला, थेट अ‍ॅम्पमध्ये. मग कॉम्बोच्या मागे स्पीकरची वायर सुटलेली आहे का ते बघा, रिक्षातून आणलं की ती हमखास ढिली होते. मग लूप. एक चांगली पॅच कॉर्ड सेंडमधून (सिग्नल बाहेर येतो तो जॅक) रिटर्नमध्ये (परत आत जातो तो) लावा. आवाज परत आला तर लूपच्या जॅकमधला स्विचसारखा कॉन्टॅक्ट ऑक्सिडाइझ झालाय, कारण रिटर्नमध्ये काही लावलेलं नसताना सिग्नल त्या पट्टीवरूनच पुढे जातो. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पंधरा-वीस वेळा प्लग आतबाहेर करा. वर्षभर काम भागतं, पुढे जॅक बदलावा लागतो.

पॅच कॉर्डने काही झालं नाही तर गिटार थेट रिटर्नमध्ये लावा (हॉट रॉडवर त्याचं नाव 'पॉवर अ‍ॅम्प इन' आहे). आवाज बारीक येईल पण आला तर फेज इन्व्हर्टरपासून स्पीकरपर्यंतचं सगळं ठीक आहे, दोष इनपुटकडच्या अर्ध्यात. नाही आला तर स्पीकरकडच्या अर्ध्यात. अर्धा अ‍ॅम्प एका वायरीत बाद झाला. आता उलट बाजूने, गिटार इनपुटमध्ये आणि सेंडमधून वायर दुसऱ्या अ‍ॅम्पमध्ये किंवा ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे खात्री होते.

दोष छोट्या ट्यूबच्या बाजूला असेल तर एक चांगली, चालते हे माहीत असलेली १२एएक्स७ घ्या आणि एकेका जागी घालून बघा. घरात एकच स्पेअर ठेवायची तर ती ही ठेवा, माझ्या मते मल्टिमीटरच्याही आधी. ट्यूब काढताना अ‍ॅम्प बंद, दहा मिनिटं थंड, मग कापडाने धरून सरळ वर, अगदी थोडी गोल गोल हलवत. वाकडी ओढली तर पिनेजवळ काच तडकते आणि हवा आत जाते. हवा गेली की वरचा चंदेरी डाग दुधासारखा पांढरा होतो, ती ट्यूब गेली. घालताना पिना मोजून, गॅप बघून, जोर नाही. आणि एक खास इशारा: १२एएक्स७ आणि ईएल८४ दोन्हीला नऊ पिना, त्यामुळे (ईएल८४ ही पॉवर ट्यूब असलेल्या) फेंडर ब्लूज ज्युनियर किंवा व्हॉक्स एसी१५ सारख्या अ‍ॅम्पमध्ये एकीच्या जागी दुसरी आरामात बसते आणि मग पुढचं बघवत नाही. काढायच्या आधी मोबाइलने फोटो काढून ठेवा.

पायरी चौथी: हम

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि सगळ्यात जास्त चुकीची उत्तरं. आधी गिटारची केबल अ‍ॅम्पमधून काढा. हम गेला तर अ‍ॅम्प निर्दोष आहे. सिंगल कॉइल पिकअप, पंख्याचा रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, स्वस्त पेडल अ‍ॅडॉप्टर, यांच्यापैकी कोणीतरी. आमच्याकडे पंखा एकवर ठेवला की घूंघूं आणि पाचवर ठेवला की शांत, कित्येक महिने मी अ‍ॅम्पला दोष देत होतो.

केबल काढूनही राहिला तर त्याचा सूर ओळखायचा, आणि इथे गिटारवाल्यांना मल्टिमीटरवाल्यांपेक्षा सोपं जातं. जाड सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट दाबा, जी, साधारण ९८ हर्ट्झ. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हम एकतर ५० चा असतो नाहीतर १०० चा. त्या जी च्या जवळपास, अगदी किंचित चढा लागत असेल तर १०० हर्ट्झ, म्हणजे डायोडच्या पुढची गोष्ट: फिल्टर कंडेन्सर सुकलेत किंवा दोन पॉवर ट्यूब एकमेकींशी जुळत नाहीत. त्या जी च्या एक सप्तक खाली असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे ट्यूबचा हीटर, अर्थिंगचा लूप, कुठेतरी सुटलेलं ग्राउंड. अमेरिकन व्हिडिओत ६० आणि १२० म्हणतात ते याचंच.

दुसरी खूण, व्हॉल्यूम फिरवा. हम कमीजास्त होतो तर तो व्हॉल्यूमच्या आधीच्या भागात शिरतोय, पहिली ट्यूब बदलून बघा. काहीही फरक नाही तर तो मागून येतोय. पंधरा-वीस वर्षांचा अ‍ॅम्प, मूळ कंडेन्सर, आणि १०० हर्ट्झचा हम, तर मला फारसं काही शोधायला लागत नाही, कंडेन्सर सगळे एकदम बदला, एक एक बदलत बसू नका.

पायरी पाचवी: कडकड, शिट्टी, खरखर

नॉब फिरवताना खरखर म्हणजे नॉबच्या आतला पॉट घाण झालाय, ल्युब्रिकंट असलेला क्लीनर, पंचवीस-तीस वेळा फिरवणं, झालं. न फिरवताच कडकड होत असेल तर इनपुटपासून सुरुवात करून एकेक छोटी ट्यूब काढत जायचं, दर वेळी बंद करून. पहिली काढली आणि कडकड थांबली तर दोष त्या टप्प्यात किंवा त्याच्या आधी. तिथे चांगली ट्यूब घाला. थांबली तर ट्यूब. नाही थांबली तर त्या ट्यूबचा प्लेट रेझिस्टन्स, साधारण १०० किलोओहमचा असतो, जुन्या अ‍ॅम्पमध्ये कार्बनचा असेल तर हमखास संशयित, पाच रुपयांची वस्तू पण आतली.

ट्यूबवर पेन्सिलीने हळूच टकटक करा. थोडा ठण आवाज पहिल्या ट्यूबला येणारच, ती सगळ्यात जास्त वाढवून देते ना. पण टकटक केल्यावर ती शिट्टीच मारत सुटली तर मायक्रोफोनिक झालीय, फेकायची नाही, फेज इन्व्हर्टरच्या जागी घाला, तिथे कित्येकदा गुपचूप वर्षभर चालते.

आणि ट्यूब हलवली की आवाज येतो-जातो असं असेल तर सॉकेट. कोकणात, मुंबईत, गोव्यात हे फार. ट्यूबच्या पिनांवर क्लीनर, ट्यूब दोन-चार वेळा आतबाहेर, पुसून परत. गंजावर मारायचा सर्वसाधारण तेलकट स्प्रे यासाठी वापरू नका, तो तेल ठेवून जातो आणि तेलावर धूळ बसते.

पायरी सहावी: प्लेट लाल

अंधारात मागून बघा. मधोमध नारिंगी उजेड हा हीटर, तो हवाच. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक, तीही चालते, दिसायला तर झकास. पण बाहेरचा करडा पत्रा, म्हणजे प्लेट, लाल व्हायला लागली की त्याच क्षणी बंद, गाणं पूर्ण करू नका. ट्यूबमधून मर्यादेपेक्षा जास्त करंट वाहतोय आणि पुढचा नंबर ट्रान्सफॉर्मरचा.

थंड झाल्यावर दोन पॉवर ट्यूबची अदलाबदल करा, चालू करा, नजर हटवू नका. लाली ट्यूबबरोबर दुसऱ्या जागी गेली तर ट्यूब खराब. लाली त्याच सॉकेटला राहिली तर दोष अ‍ॅम्पचा, बायस (ट्यूबचा करंट आवरून धरणारा व्होल्टेज) पोचत नाही, कपलिंग कंडेन्सर (आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणारा) लीक होतोय किंवा सॉकेटची पिन ढिली आहे. दोन्ही लाल झाल्या तर बायसचा सप्लायच गेलाय. नवीन महागाच्या ट्यूब घालून 'बघू तर' करायचं नाही, त्याही जातील.

ट्यूब घ्यायच्याच असतील तर एवढं माहीत असू दे, आज नवीन बनतात त्या मुख्यतः स्लोव्हाकिया, रशियातलं साराटोव आणि चीन इथे. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धानंतर रशियाचा माल अडला तेव्हा भाव कसे चढले ते ज्यांनी घेतल्या त्यांना आठवत असेल. खोक्यावर जुनं ब्रिटिश नाव असलं म्हणजे आतला माल जुन्या ब्रिटिश कारखान्याचा असतो असं नाही, नाव विकत घेता येतं.

आता चेसिस उघडायचं असेल तर

पुन्हा सांगतो, हा भाग अनुभव असलेल्यांसाठी. प्लग काढून कॉर्ड अशी ठेवा की डोळ्यांना दिसेल. स्टँडबाय असेल तर प्लेवर ठेवा, नाहीतर बऱ्याच अ‍ॅम्पमध्ये कंडेन्सरला रिकामं व्हायला वाटच राहत नाही. मग डिस्चार्ज: एक क्लिपवायर चेसिसला, मध्ये १० किलोओहम १० वॉटचा रेझिस्टन्स, सगळं इन्सुलेटेड, आणि दुसरं टोक प्रत्येक मोठ्या कंडेन्सरच्या प्लसला अर्धा मिनिट. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठो आवाज काढणारे शूरवीर असतात, त्यात कंडेन्सरही दुखावतो आणि कधी पट्टीही जळते. नंतर मीटरने मोजा, पाच-दहा व्होल्टच्या खाली आलं पाहिजे. क्लिप काम संपेपर्यंत काढू नका, कारण रिकामा केलेला कंडेन्सर थोडा व्होल्टेज आपोआप परत धरतो. पायात रबरी चप्पल, अंगठी-घड्याळ काढलेलं, घरात दुसरं कोणीतरी जागं. आणि शंभर-दीडशेचा पिवळा मीटर ४०० व्होल्टला वापरायचा नाही, त्याच्या वायरीच त्या लायकीच्या नसतात.

मग हात न लावता दहा मिनिटं फक्त बघायचं. टॉर्च आणि भिंग. डोकं फुगलेले कंडेन्सर, बुडाशी चिकट डाग, काळे पडलेले रेझिस्टन्स, आणि जड किंवा तापणाऱ्या पार्टभोवती सोल्डरला पडलेली गोल बारीक चीर. हॉट रॉड मालिकेत ४७० ओहम ५ वॉटचे दोन पांढरे चौकोनी रेझिस्टन्स असतात, लूप-रिव्हर्ब-चॅनेल स्विचिंगच्या १६ व्होल्टच्या सप्लायचे, ते इतके तापतात की खालचा सोल्डर सुटतो आणि अ‍ॅम्प मनाला येईल तेव्हा आवाज घालवतो. जुना सोल्डर काढून नवीन डाग द्यायचा आणि रेझिस्टन्स बोर्डापासून थोडा उचलून बसवायचा म्हणजे खालून हवा खेळते. ज्या अ‍ॅम्पमध्ये ट्यूब सॉकेट थेट पीसीबीवर आहेत तिथे सॉकेटच्या पिनाही अशाच बघा, रोज तापणं-थंड होणं आणि वरून ट्यूबची ओढाताण. पॉवर ट्यूब शॉर्ट झालेली असेल तर तिचा स्क्रीन रेझिस्टन्स (बऱ्याचदा ४७० ओहम) मोजल्याशिवाय नवीन ट्यूब घालू नका, तो सहसा तिच्याबरोबर जातो.

हे पार्ट लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळण्यासारखे आहेत, फक्त कंडेन्सर घेताना व्होल्टेज मूळच्याइतकं किंवा जास्त, १०५ डिग्रीवाला, आणि दुकानात धूळ खात पडलेला नको. प्लस-मायनस उलटं झालं तर तो फुटतो, म्हणून जुना काढायच्या आधी परत फोटो. पहिल्यांदा चालू करताना परत सिरीज लॅम्प.

बायसबद्दल थोडंच, कारण ते चालू अ‍ॅम्पवर मोजायचं असतं. एसी३० सारखे कॅथोड बायसचे अ‍ॅम्प स्वतःचं स्वतः बघतात, ब्लूज ज्युनियरमध्ये फिक्स्ड आहे पण फिरवायला काही दिलेलंच नाही, हॉट रॉडमध्ये आत पॉट आहे. सगळीकडे सांगितला जाणारा ७० टक्क्यांचा नियम म्हणजे ६एल६जीसीची मर्यादा ३० वॉट, त्याचे ७० टक्के २१ वॉट, प्लेटवर ४२० व्होल्ट असतील तर २१ भागिले ४२० म्हणजे ५० मिलीअँपियर. ही वरची हद्द आहे, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं नाही. फेंडर स्वतः हॉट रॉड डिलक्सला टीपी३० या पॉइंटवर ६० मिलीव्होल्ट सांगतं, आणि ते दोन्ही ट्यूबचं मिळून, म्हणजे एकीला साधारण ३० मिलीअँपियर. थंड वाटेल, पण ट्यूब वर्षानुवर्षं टिकतात.

पावसाळा आणि ने-आण

जून ते सप्टेंबर अ‍ॅम्प कव्हर घालून कोपऱ्यात बंद ठेवणं हा सगळ्यात वाईट उपाय. आठवड्यातून अर्धा तास चालू करा, स्वतःच्या उष्णतेने सुकतो. मागे सिलिका जेलच्या दोन पिशव्या. आणि आत बघा, उबदार लाकडी खोकं म्हणजे पालीला आणि झुरळांना आयती खोली, एका मित्राच्या अ‍ॅम्पमध्ये फ्यूज का उडतोय ते शोधताना बोर्डावर दोन पॉइंटच्या मध्ये वाळलेली पाल निघाली होती, तिचं व्होल्टेज कोणी मोजलं नाही.

गिग संपल्या संपल्या गरम अ‍ॅम्प उचलून गाडीत टाकू नका, दहा-पंधरा मिनिटं द्या. घरी आल्यावर ट्यूब नीट बसल्यात का बोटाने तपासा, त्यांच्या स्प्रिंगच्या क्लिपा हरवल्या असतील तर नवीन लावा.

टेक्निशियनकडे द्यायची वेळ आलीच तर 'चालत नाही' एवढंच सांगू नका. थंड असताना होतं की तापल्यावर, कुठल्या चॅनेलवर, रिटर्नमध्ये गिटार लावल्यावर काय झालं, कुठली ट्यूब बदलून बघितली, हे एका कागदावर लिहून द्या, त्याचा अर्धा तास वाचतो आणि तुमचं बिलही. मी तर कॅबिनेटच्या आतल्या लाकडावर मास्किंग टेप चिकटवलाय, तारीख आणि काय केलं ते त्यावर. पहिल्याच ओळीत लूप जॅक आहे. त्या आठ दिवस वाट बघून आणलेल्या ६एल६ परत खोक्यात घातल्या, जुन्याच अजून वाजतायत.